गणपतीतली बीजीएमआय स्पर्धा: यंदा एफपीपीच ठेवा. पटत नसेल तर बोला

गिरणाथडी

बीजीएमआय, म्हणजे फोनवर एकमेकांना गोळ्या घालून शेवटपर्यंत टिकायचा गेम, त्याची मंडळाची स्पर्धा यंदाही आहे. कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यात ठेवायचा (एफपीपी) की पाठीमागे (टीपीपी), हा वाद आत्तापासूनच सुरू झालाय, तर एकदा इथेच होऊन जाऊ द्या.

मागच्या वर्षीचा शेवटचा झोन (खेळायची जागा आक्रसत शेवटी उरते ती) मंडपात ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. उरले होते तिघं. एक पोऱ्या भिंतीला चिकटून बसलेला, बंदूक खाली, हलायला तयार नाही. तरी भिंतीपलीकडून येणारे दोघं त्याला डोक्यापासून पायापर्यंत दिसत होते. कारण कॅमेरा त्याच्या डोळ्यात नाही, पाठीमागे हात-दोन हात वर तरंगतोय. दोघं जवळ आले, हा उठला, आठ-दहा गोळ्या, खलास. तो तिथे आहे हे त्या दोघांना मेल्यावर कळलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला राग आला, कारण त्या पोऱ्याने धोका असा पत्करलाच नव्हता.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते बसतात. कुणाच्या पाठीमागे कपाटाचा आरसा असेल तर आधी आरशावर टॉवेल टाकतात, मग पत्ते वाटतात. टीपीपी म्हणजे टॉवेल न टाकलेला आरसा.

एफपीपीत कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यात असतो. तुम्हाला बघायचंय? मग डोकं बाहेर काढा. डोकं काढलं की तुम्हीही दिसणार. एवढा साधा व्यवहार मला खेळात हवाय. ते खऱ्यासारखं वाटतं वगैरे माझं म्हणणं नाही. फुकटात बघायला मिळू नये, इतकंच.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर पोरांचे फोन हातात असतात, त्यामुळे "काकांना खेळातलं काय कळतं" हे आधीच बाजूला ठेवा.

कळण्याची_भाकर

भाऊ, आरसा पटला नाही. आरसा एकाच्याच मागे असेल तर लबाडी. इथे तर सगळ्यांच्याच मागे आहे. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत असतील तर तो वेगळा डाव झाला, एवढंच.

आता फोनची गोष्ट. रस्त्याने जाताना बाजूने मोटारसायकल आली तर मान न वळवता कळतं. माणसाला दोन्ही बाजू धरून १८० अंशांहूनही थोडं जास्त दिसतं. एफपीपीचा कॅमेरा सुरू होतो ८० पासून आणि कितीही ताणला तरी १०३ च्या पुढे जात नाही. तेही सहा इंचांच्या काचेत, त्यातली दोन बोटं जागा आपल्याच अंगठ्यांनी झाकलेली. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तसं होतं. टीपीपी उरलेली नजर परत देते. तुम्ही तिला फुकट म्हणता. मी म्हणतो ती आपलीच होती, फोनने काढून घेतली होती.

आणि रूम, म्हणजे स्पर्धेचा डाव, भरणार कोण? आमच्या धुळ्याच्या होस्टेलवर अठरा जण खेळतात, एफपीपी खेळणारा एकच. त्याच्याशी जेवताना कुणी बोलत नाही. बीजीआयएसच्या (बीजीएमआयच्या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या) मॅचेस टीपीपीतच होतात, पोरं त्याचाच सराव करतात. तुम्ही एफपीपी ठेवली तर चौघाचौघांचे सोळा स्क्वाड कुठून आणणार?

गिरणाथडी

आरसा सगळ्यांच्या मागे आहे हे खरं. पण चालत येणाऱ्याच्या आरशात दिसतं काय? भिंत. बसलेल्याच्या आरशात दिसतो चालत येणारा. वस्तू तीच, कामाला येते फक्त बसणाऱ्याच्या. म्हणून शेवटच्या झोनमध्ये सगळे पालथे पडून राहतात आणि मंडपातले लोक उठून प्रसाद घ्यायला जातात.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_४

मी जुना माणूस, पण बोलतो.

२००४ च्या सुमारास आमच्याकडे एका सायबर कॅफेत सहा मशीन लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेले होते. गेम काउंटर स्ट्राइक १.६, डोळ्यातूनच बघायचा गोळीबार. मे महिना, भुसावळचं ऊन, कूलरच्या पाण्याला कुबट वास, आणि मधूनच लाइट गेली की सगळे एकदम "अरेऽऽ". मशीनच्या मध्ये पार्टिशन नव्हतं. शेजारचा कुठे लपलाय ते त्याच्या स्क्रीनवर डोळा मारला की कळायचं. त्यावरून एकदा कीबोर्ड उचलण्यापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी मालकाने टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे कापून मध्ये उभे केले. त्या दिवसापासून आम्ही खरे खेळायला लागलो. कारण मग कान लावावे लागले. समोरचा लाकडावर चालतोय की लोखंडावर, धावतोय की दबकत येतोय, सगळं पावलांवरून.

टीपीपी म्हणजे माझ्या लेखी पुठ्ठा काढून टाकणं.

पण एक सांगतो. मॅक्स पेन (२००१), व्हाइस सिटी (२००२) आम्ही रात्र-रात्र खेळलो आणि तिथे पाठीमागचा कॅमेरा कधी खटकला नाही. २००५ च्या रेसिडेंट इव्हिल ४ ने तर कॅमेरा पार खांद्यावर आणून बसवला आणि पुढच्या कितीतरी गेमनी तेच उचललं. तिथे समोर कॉम्प्युटर. तुम्ही भिंतीआडून त्याला बघितलं तरी त्याला काही वाईट वाटत नाही. खटकायला लागलं ते समोर माणूस आल्यावर. तेव्हा टीपीपी वाईट असं सरसकट म्हणू नका, कुणाविरुद्ध खेळताय ते बघा.

(आयजीआय या जुन्या गेममध्ये मिशनच्या मध्यात सेव्ह नव्हतं, आठवतंय का कुणाला? चाळीस मिनिटं खेळून शेवटच्या टॉवरवरून गोळी बसली की परत पहिल्यापासून. आजच्या पोरांनी फोन फोडले असते.)

सातपुड्याची_लेक

सगळे दादा लोक न्यायाच्या गप्पा मारताय, माझ्या पोटाचा विचार कुणी करतंय का?

एफपीपीत दहा मिनिटं झाली की मला मळमळतं. नाटक नाही. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण खाटेवर बसलोय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. तोरणमाळच्या घाटात एसटीत बसून मोबाइल वाचून बघा, तेच होतं. कॅमेरा ८० वरून वाढवला की मला थोडं बरं वाटतं, पण मग समोरचा माणूस मुंगीएवढा दिसतो. स्क्रीनवर आपलं माणूस दिसत असलं की डोळ्याला धरायला काहीतरी असतं. म्हणून मी टीपीपी खेळते.

आणि हो, कॅरेक्टरच्या ड्रेसला पैसे घातलेत. एफपीपीत मला काय दिसणार, दोन मनगटं?

बाकी माझी एम२४ (लांबून मारायची स्नायपर बंदूक) शहाद्यात विचारा. स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) उघडला की टीपीपीतही नजर एफपीपीचीच होते, हे या वादात कुणीच बोललं नाही. दूरवरची मारामारी दोन्हीकडे सारखीच आहे. भांडण आहे ते फक्त भिंत, दगड, खिडकी आणि जिन्याचं.

कसं_काय_भो

तुम्ही काय बी ठेवा भो, मनं नेट गिरणाना पूरमायक शे. उनं तं उनं, नही तं नही.

कळण्याची_भाकर

हसू नका, नेट आलं तर आलं, नाही तर नाही, हे भोने मुद्द्याचं सांगितलं.

एफपीपीत "बघायचं तर डोकं काढा" म्हणता, पण डोकं काढणारा आणि आत थांबलेला एकाच वेळी एकमेकांना दिसत नाहीत. कोपऱ्यावरून बाहेर येणाऱ्याच्या फोनवर तो आधीच बाहेर आलेला असतो. ही बातमी सर्व्हरवरून माझ्या फोनवर पोचेपर्यंत मी रिकामी भिंत बघत असतो. पिंग (नेटला लागणारा उशीर) जितका जास्त तितकी त्याला जास्त मोकळीक. शहरात वायफायवर हा फरक जाणवत नाही. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत बसून मोबाइल डेटावर खेळणाऱ्या पोराला विचारा. तो म्हणतो, मला मारणारा मला दिसलाच नाही. तुमच्या टीपीपीच्या गोष्टीतल्या दोघांनीही हेच म्हटलं होतं ना?

म्हणजे टीपीपीत बसणाऱ्याला झुकतं माप, एफपीपीत धावणाऱ्याला. तुम्हाला धावणारा आवडतो म्हणून एकाला न्याय आणि दुसऱ्याला चोरी म्हणायचं, हे कसं चालेल?

गिरणाथडी

मुद्दा चांगला आहे, मान्य. पण नेटचा दोष दुरुस्त करता येतो. सगळ्यांना एका छताखाली, एकाच वायफायवर बसवा, संपला. टीपीपीचा दोष खेळाच्या पोटातच आहे, तो वायफायने जात नाही.

आणि हे मी एकटा म्हणत नाही. पीसीवरच्या पबजीत (बीजीएमआय त्याचाच मोबाइल अवतार) ऑगस्ट २०१७ मध्येच, गेम पूर्ण तयार व्हायच्या आधी, फक्त एफपीपीचे वेगळे सर्व्हर काढावे लागले, कारण खेळणारे याच कारणाने ओरडत होते. जुलै २०१८ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दोन्ही प्रकार खेळवले. टीपीपी कोरियाच्या जेन.जी गोल्डने जिंकली, एफपीपी चीनच्या ओएमजीने. नंतर पीसीवरच्या मोठ्या स्पर्धा एफपीपीतच व्हायला लागल्या.

कळण्याची_भाकर

वा! दोन प्रकार, दोन वेगळे विजेते. म्हणजे दोन वेगळे खेळ, हेच मी पहिल्यापासून सांगतोय. आभारी आहे भाऊ.

एनसीसीवाले_नाना

मी गेम खेळत नाही, नातू खेळतो, मी मागे बसून बघतो. (म्हणजे मीच त्याचा टीपीपी.)

कॉलेजात असताना पॉइंट टू-टू रायफलने फायरिंग केलंय. पालथं झोपायचं, गाल बटाला दाबायचा, एक डोळा मिटायचा. उस्ताद ओरडायचे, पुढच्या साइटचं टोक बघ, टार्गेट बघू नकोस. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्वच्छ बघतो. टोक स्वच्छ दिसलं की टार्गेट धुरकट होणार, ते तसंच असू द्यायचं. नातवाच्या एफपीपीत टोकही स्वच्छ, टार्गेटही स्वच्छ, मागचा डोंगरही स्वच्छ. तेव्हा "एफपीपी खरी" असं कुणी म्हणायला आलं तर त्याला एकदा रेंजवर पाठवा.

टीपीपीत मला एक गंमत दिसली. नातवाचा नेमाचा ठिपका बरोबर शत्रूच्या छातीवर, हा दाबतोय, आणि गोळ्या समोरच्या दगडावर उडतायत. कॅमेरा दगडाच्या वरून बघतोय, बंदुकीची नळी दगडाच्या मागेच. डोळा एकीकडे, नळी दुसरीकडे. मी म्हटलं, अरे, तुझ्या डोळ्याला धड दिलंच नाहीये!

आमच्या आजोबांच्या शेतात ज्वारी राखायला माळा असायचा. वर चढून गोफण घेऊन बसायचं. सगळं शेत नजरेखाली. पण माळ्यावरचा माणूस पाखरांनाही दिसतो. म्हणून तर ती उडतात. टीपीपीत माळा आहे, पण माळ्यावर कुणी नाही, आणि पाखराला दगड मात्र जमिनीवरून लागतो. हे मला जरा विचित्र वाटतं. खेळ म्हणून असेल ठीक.

भुसावळ_प्लॅटफॉर्म_४

नाना, माळ्याचं काय बोललात! हा वाद पुन्हा कुठे निघाला तर हेच सांगणार.

कळण्याची_भाकर

नानांच्या माळ्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. रात्री विचार करतो.

गिरणाथडी

काल रविवारी दुकानात शटर अर्धं ओढून खेळून बघितलं. तीच पोरं, तेच वायफाय, तोच एरंगेलचा नकाशा. आधी टीपीपी, मग एफपीपी. जसं झालं तसं सांगतो.

टीपीपीत मागच्या वर्षीचीच गत. शेवटी सगळे गवतात आडवे. एफपीपीत मागच्या वर्षीचा तोच भिंतवाला पोऱ्या परत भिंतीमागे बसला. एकदा डोकं काढून बघितलं. दुसऱ्यांदा काढलं आणि नॉक, आडवा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

पण पुढचं माझ्या विरुद्ध जातं. दुसरा एक जण नकाशातल्या पोचिंकी गावाच्या एका घरात जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला, कानाला हेडफोन. बाहेरच्यांना आत डोकावायची हिंमत होईना, कारण दारातून आत जाताना एफपीपीत कोपरा दिसतच नाही. त्याने पावलं ऐकून तिघांना घेतलं. म्हणजे कॅम्पर (दबा धरून बसणारा) मेला नाही भो, भिंतीमागून उठून जिन्याखाली गेला. फक्त या वेळी त्याला ऐकावं लागलं.

दुसरी अडचण मला सुचलीच नव्हती. पडद्यावर एफपीपी लावली तर बघणाऱ्यांना कोण कुठे आहे तेच कळेना. शेजारच्या काकू भाजी घ्यायला निघाल्या होत्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बंद करा रे ते, गरगरतंय." टीपीपीत निदान हा आमचा, तो समोरचा, हे लांबूनही दिसतं. मंडपात शंभर माणूस बघणार आहे, त्याचंही बघावं लागेल.

सातपुड्याची_लेक

काकू माझ्या पार्टीत. शेवटी ठरलं काय ते सांगा, म्हणजे एसटीचं बघते. आणि उलटीची गोळी आणायची की नाही?

गिरणाथडी

शनिवारी टीपीपी, पडद्यावर. रविवारी एफपीपी, पडदा बंद, सगळे शाळेच्या हॉलमध्ये एका वायफायवर. पहिलं बक्षीस एफपीपीचं मोठं, कारण वर्गणी माझ्या दुकानात जमा होते.

गोळी आणा.

कळण्याची_भाकर

हा अन्याय आहे. स्क्वाडचं नाव लिहून घ्या, चौघं येतोय. दोन्ही दिवस.