स्नॉर्केल बसवताना सांध्यांकडे आधी लक्ष द्यावे
स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, लावला की महिंद्रा थार खोल पाण्यातूनही निर्धास्त नेता येते, असे इथल्या एका प्रतिसादात म्हटले आहे. त्यात एक महत्त्वाची भर घालतो. कंपनीने थारसाठी दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, आणि स्नॉर्केलमुळे फक्त हवा घेण्याचे तोंड छताच्या उंचीवर जाते, बाकीची गाडी आहे तिथेच राहते. नळी एअर फिल्टरच्या डब्याला जिथे जोडली जाते तो सांधा, किंवा डब्याच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र, नीट बंद केलेले नसेल, तर इंजिन तिथूनच पाणी ओढते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) वाकतो. माझ्या मते फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) भोक पाडण्याच्या कामापेक्षा या सांध्यांवर अधिक वेळ द्यावा.

डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरची, चाकांना शक्ती वाटून देणारी गिअरची पेटी) आणि गिअरबॉक्स यांच्या ब्रीदर नळ्याही, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्याही, त्याच वेळी वर घ्याव्यात, कारण तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात उतरताच आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून पाणी तेलात ओढले जाते. धुळीच्या रस्त्यावर, विशेषतः पुढे दुसऱ्या गाड्या असताना, उंचावरची स्वच्छ हवा मिळून फिल्टर जास्त टिकतो, हा फायदा मात्र रोजचा आहे.