मदत हवी आहे: हप्त्यांच्या बचतीवरील चक्रवाढ व्याज तोंडी कसे काढावे?

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहते आणि आमच्या महिला बचत गटाचे हिशेब पाहते. दर बैठकीत कोणीतरी पासबुक पुढे करून ‘ताई, याचे शेवटी किती होतील?’ असे विचारतेच, आणि तेव्हा मोबाइल काढण्याऐवजी तोंडी अंदाज सांगता यावा, अशी माझी इच्छा असते.

एकरकमी ठेवीला 72 चा नियम पुरतो: 72 ला व्याजदराने भागले की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. एप्रिल 2023 मध्ये किसान विकास पत्राचा दर 7.5 टक्के झाला. 72 भागिले 7.5 म्हणजे 9.6 वर्षे, आणि जाहीर झालेली दुपटीची मुदतही 115 महिनेच होती. व्याज वर्षातून अनेकदा मुद्दलात मिळत असेल, तर 72 ऐवजी 70 घेतलेले बरे पडते. दरमहा शेकडा दोनचे कर्ज व्याजासकट थकत गेले, तर 35 महिन्यांत दुप्पट होते, हे सांगितल्यावर आमच्या सतरंजीवर काही क्षण कोणी बोलत नाही.

अडचण हप्त्यांची आहे. पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) दरवर्षी एप्रिलच्या आरंभी 10,000 रुपये भरले आणि 7.1 टक्के दर कायम राहिला असे धरले, तर 15 वर्षांनी सुमारे 2 लाख 71 हजार होतात. पहिला हप्ता 15 वर्षे राहतो, शेवटचा एकच वर्ष, म्हणून मी सरासरी 8 वर्षे धरून सरळव्याज लावते. पण उत्तर 2 लाख 35 हजार येते. त्याच 8 वर्षांना चक्रवाढ लावली, तरी 2 लाख 60 हजारांच्या पुढे जाता येत नाही, कारण सुरुवातीचे हप्ते सरासरीच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक वाढतात. ही तूट भरून काढणारी एखादी सोपी युक्ती आहे का?

प्रतिसाद:
सरासरी सोडून द्या आणि पहिला हप्ता किती पट होतो, एवढेच पाहा. 7.1 टक्क्यांनी 10 वर्षांत दुप्पट होते. उरलेली 5 वर्षे म्हणजे दुपटीचा अर्धा काळ, आणि त्यात रक्कम दीडपट नव्हे, तर 1.4 पट होते (इथे बहुतेक जण चुकतात). एकूण 2.8 पट. त्यातून 1 वजा करून हप्त्याने गुणले की 18,000 मिळतात. आता दरवर्षीचे 10,000 हे जणू 7.1 टक्क्यांनी 1 लाख 41 हजारांच्या, म्हणजे हप्त्याच्या सुमारे 14 पट मुद्दलाचे व्याज आहे असे समजा. हे मुद्दल 15 वर्षांत जितके वाढते (1.8 पट), तितकीच हप्त्यांची जमा होते, म्हणून 18,000 ला 14 ने गुणा. हप्ता वर्षाच्या आरंभी भरत असल्यामुळे आणखी एका वर्षाचे व्याज मिळते, ते नेमके पुन्हा 18,000 असते. थोडक्यात 18,000 ची 15 पट, 2 लाख 70 हजार. दर बदलला की 15 हा आकडाही बदलेल. 8 टक्क्यांना तो साडेतेरा होतो.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार. मुदत 5 वर्षांनी वाढवली तर काय, हे लगेच करून पाहिले: 20 वर्षांत 4 पट, वजा 1, म्हणजे 30,000 ची 15 पट, साडेचार लाख. कॅल्क्युलेटर 4 लाख 44 हजार दाखवतो. सहा हजार जास्त आले, तेव्हा गटात सांगताना ‘साडेचारच्या आत’ असे सांगेन.