मदत हवी आहे: करड्या चित्रावर रंग चढवला की राक्षसाची कातडी प्लॅस्टिकची दिसते

१९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला बोरिस कार्लॉफचा राक्षस क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवतोय. आधी करड्या छटांत पूर्ण चेहरा केला: वरून एकच प्रकाश, खोल डोळे, जड पापण्या. इथपर्यंत मस्त भीतिदायक. पण वर ‘कलर’ मोडचा (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग बदलणारा) लेयर टाकून हिरवट रंग दिला की कातडी प्लॅस्टिकची वाटते आणि सावल्या मळकट होतात.

ओव्हरले, सॉफ्ट लाइट हे मोडही करून पाहिले. ग्रेडियंट मॅपने (प्रत्येक करड्या छटेला एक ठरलेला रंग देणारं फिल्टर) सावल्या सुधारल्या, पण ओठ, कान, कपाळावरची जखम सगळं एकाच रंगाचं झालं. फोटो टेक्स्चर वापरायचं नाही, हातानेच करायचंय. फोटोशॉप घ्या असं कृपया सांगू नका. फाइल ए३, ३०० डीपीआय. प्रिंट अप्पा बळवंत चौकाजवळ मॅट कागदावर काढणार, म्हणजे गडद भाग आणखी बुजणार.

मूळ मेकअप हिरवट होता तो कृष्णधवल फिल्मवर प्रेतासारखा फिकट दिसावा म्हणून, तेव्हा हिरव्याचा माझा हट्ट नाही. (पोपटी राक्षसाचा कंटाळाच आलाय.)

पुण्यात कोणी समोर बसून दाखवणार असेल तर रविवारी येईन. नाहीतर एवढंच सांगा: मेलेल्या कातडीच्या सावल्यांत उबदार रंग घालायचा की थंड, आणि तो मल्टिप्लायने (खालचा रंग गडद करणारा मोड) की करड्यावर थेट नॉर्मल मोडमध्ये?