मदत हवी आहे: कांद्याच्या मुळांच्या स्लाइडमध्ये विभाजन दिसतच नाही (अकरावी प्रॅक्टिकल)

प्रीतिसंगम_कराड

नमस्कार मंडळी. अकरावीचं समसूत्री विभाजनाचं प्रॅक्टिकल लावायचं आहे. स्लाइडभर इंटरफेजच्याच (विभाजन सुरू न झालेल्या) पेशी येतात, त्याही लांबट आणि एकावर एक चढलेल्या. क्वचित एखादी प्रोफेज (विभाजनाची सुरुवात), मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात ती अवस्था) तर नाहीच. सध्याची पद्धत अशी:

बाजारातले मोठे कांदे, बाटलीच्या तोंडावर, नळाचं पाणी. मुळं ३-४ सेंमी झाली की सकाळी ११ च्या सुमारास कापतो. ३ भाग सर्जिकल स्पिरिट आणि १ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड असं मिश्रण महिनाभरापूर्वी करून ठेवलं आहे, त्यात रात्रभर. मग टोकाकडचा साधारण १ सेंमी तुकडा, तयार ॲसिटोकार्मिन (गुणसूत्रं तांबडी करणारा स्टेन, १ टक्का) ५ मिनिटं, थोडं गरम करून. कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबतो.

प्रश्न असे. गडबड नक्की कुठे होते आहे? कोल्चिसिन (विभाजन मेटाफेजला अडवणारं रसायन) न वापरता मेटाफेज वाढवता येतात का? मुलं विचारतात की गुणसूत्रं १६ च, मग ती एवढी मोठी कशी, त्यांना पुस्तकापलीकडचं काय सांगावं? आणि सांगलीकडची मुलं म्हणतात, कांद्याऐवजी हळद घेऊ या. जमेल का?

मुळाक्षर

सर, मायक्रोस्कोपला दोष देऊ नका. लांबट पेशी दिसतात म्हणजे तुम्ही मुळाचा चुकीचा भाग बघताय. कांद्याच्या मुळात विभाजन चालतं ते टोकाच्या जेमतेम १ ते २ मिमी भागात. अगदी टोकाला मूलटोपी, तिच्या लगेच मागे विभाजी ऊती, त्याच्या वर पेशी फक्त लांब होतात. १ सेंमी तुकडा दाबला तर स्लाइडचा बहुतेक भाग या लांब होणाऱ्या पेशींनी व्यापणार आणि कामाच्या पेशी त्यात हरवणार.

स्टेन झाल्यावर मूळ पांढऱ्या कागदावर धरा. टोकाजवळ गडद तांबडा पट्टा दिसतो, कारण तिथे पेशी लहान आणि केंद्रकं दाटीने असतात. ब्लेडने तेवढाच पट्टा ठेवा, बाकीचं फेकून द्या. पट्टा दिसतच नसेल तर स्टेन चढलेला नाही किंवा मूळ जुनं झालंय. ३-४ सेंमी म्हणजे फार झालं, दीड-दोन सेंमीला कापा.

दुसरं, तुमच्या पद्धतीत हायड्रोक्लोरिक ॲसिड कुठेच नाही. दोन पेशींच्या भिंतींमध्ये पेक्टिनचा थर असतो, तो सैल केल्याशिवाय पेशी सुट्या होत नाहीत, म्हणून एकावर एक चढतात. वॉचग्लासमध्ये ॲसिटोकार्मिनचे ९ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १ थेंब घ्या, त्यात मुळं टाका, स्पिरिटच्या दिव्यावरून वाफ दिसेपर्यंत फिरवा, बाजूला घ्या, पुन्हा फिरवा. असं ५ ते १० मिनिटं. उकळी फुटता कामा नये. उकळलं की मुळं ठिसूळ होतात आणि कार्मिनचे दाणे बसतात, तेच दाणे मुलं गुणसूत्रं म्हणून मोजतात.

दाबताना: ४५ टक्के ॲसिटिकचा एक थेंब, त्यात तो पट्टा, वर कव्हरस्लिप. आधी पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके टकटक करा, पेशींचा ढग पसरताना दिसतो. मग घडी घातलेला फिल्टर पेपर ठेवून सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी वळकटीसारख्या गुंडाळतात आणि ती स्लाइड गेली.

रसायनशाळा_मिरज

वरचं सगळं मान्य, पण मला खरा संशय फिक्सेटिव्हवर, म्हणजे मुळं रात्रभर ठेवता त्या स्पिरिट-ॲसिटिकच्या मिश्रणावर आहे. इथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड एकत्र पडून राहिलं की हळूहळू इथिल ॲसिटेट आणि पाणी तयार होतं. बाटली उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येत असेल तर ओतून द्या. हे मिश्रण कापायच्या दिवशी करायचं, आदल्या दिवशीही नाही. २० मुळांना ४० मिली भरपूर झालं.

सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं, वर इतर गोष्टीही मिसळलेल्या असतात. फिक्सेटिव्ह पेशीत झटकन शिरून तिला जागच्या जागी मारायला हवं. पातळ असेल तर पेशी सावकाश मरते आणि चालू असलेलं विभाजन पुरं करून बसते. ९५ टक्के रेक्टिफाइड स्पिरिट चालेल. ते मिळवायला परवान्याची कटकट असेल तर मिथेनॉल ३ भागही चालतं, मानवी गुणसूत्रांच्या लॅबमध्ये तेच वापरतात. मात्र मिथेनॉल विषारी आहे, ते शिक्षकांनीच हाताळावं आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. २४ तासांनी मुळं ७० टक्के स्पिरिटमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवा, महिनाभर पुरतात.

१ नॉर्मल ॲसिड: तीव्र हायड्रोक्लोरिक ८.५ मिली, पाण्याने १०० मिली. आधी पाणी, मग ॲसिड.

थंडीत ग्लेशियल ॲसिटिकची बाटली घट्ट गोठलेली दिसली तर ते खराब झालेलं नाही. १६-१७ अंशाखाली ते गोठतंच. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या कॉलेजांत हे दर हिवाळ्यात होणार. कोमट पाण्यात बाटली उभी करा, ज्योतीवर नाही.

स्टेन फिका वाटला तर लोखंडी सुईनेच मूळ टोचा. लोहाचा अंश कार्मिनला गडद करतो. जास्त वेळ ढवळत बसलात तर मात्र गाळ बसतो.

वाईचा_वाटसरू

११ वाजता कापणं हा दोष आहे असं कोणी म्हणायच्या आत लिहितो. "सकाळी आठ ते दहा" हा आकडा प्रत्येक जर्नलमध्ये छापलेला असतो, पण तो पाण्याचं तापमान आणि उजेड यांवर हलतो. डिसेंबरात रात्रभर गार पडलेल्या पाण्यात मुळांचं चक्रच मंदावतं, तिथे आठ वाजता कापून काय उपयोग? बाटल्या २२ ते २५ अंशांच्या खोलीत ठेवा, दर दोन तासांनी चार-चार मुळं वेगळ्या बाटलीत फिक्स करा. तुमच्या खोलीची वेळ तुम्हाला कळेल.

मोठा कांदा नको, गोळीकांदा घ्या. जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा, पण खालची तबकडी दुखवू नका, नवी मुळं तिच्या कडेनेच फुटतात. पाणी तबकडीला जेमतेम टेकेल एवढंच, रोज बदला, आणि नगरपालिकेचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. नुकताच काढलेला कांदा मुळं सोडायला वेळ लावतो. कोंब येऊ नये म्हणून किरणोत्सर्ग दिलेला कांदा हाती आला तर वाट बघत बसाल. अशा वेळी सरळ लसूण घ्या. पाकळ्या टूथपिकवर टांगल्या की मुळं लवकर येतात, आणि त्यालाही १६ च गुणसूत्रं.

मुळाक्षर

मेटाफेजचं राहिलं. कोल्चिसिन अकरावीच्या मुलांच्या हातात देऊ नये, फार थोडं पोटात गेलं तरी जीवघेणं ठरतं. त्याऐवजी मुळं फुटलेला कांदा मुळं बुडतील असा बर्फाच्या पाण्यात २० ते २४ तास ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर फिक्स करा. थंडीने तर्कूचे (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे) धागे मोडतात, विभाजन मेटाफेजला अडतं, गुणसूत्रं आखूड होऊन सुटी दिसतात. कोल्चिसिनइतका जोर नाही, पण मोजण्यापुरतं भागतं. बाहेर थोडा वेळ जरी गेला तरी धागे पुन्हा जुळतात. अर्धे कांदे मात्र साधे ठेवा, बर्फातल्या मुळांत ॲनाफेज (गुणसूत्रं दोन टोकांकडे जातात ती अवस्था) मिळणार नाही.

जनुकजाण

मुलांच्या प्रश्नाबद्दल. कांद्याच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे १६ अब्ज बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) असतात आणि गुणसूत्रं ८. म्हणजे एका गुणसूत्राला सरासरी २ अब्ज. माणसाचं सगळ्यात मोठं, पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र २५ कोटींच्या आसपास. कांद्याचं सरासरी गुणसूत्र त्याच्या आठपट. म्हणून तर ते ४०एक्सवर दिसतं.

मग कांद्याला जनुकं जास्त का? तसं नाही. बहुतेक डीएनए म्हणजे उड्या मारणाऱ्या जनुकांच्या साठलेल्या प्रती. २०१२ साली एन्कोड या मानवी डीएनएचं काम शोधणाऱ्या प्रकल्पाने मानवी जीनोमचा (एका संचातल्या सगळ्या डीएनएचा) ८० टक्के भाग काहीतरी जैवरासायनिक काम करतो असं जाहीर केलं, तेव्हा विरोधकांनी पुढे केला तो कांदाच. जीनोमच्या आकाराचे अभ्यासक टी. रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्येच विचारलं होतं: सगळा डीएनए कामाचा असेल तर कांद्याला माणसाच्या पाचपट कशाला लागतो? कांदा ज्या प्रजातीत (ॲलियम) येतो तिच्यातल्या वेगवेगळ्या जातींमध्ये जीनोमचा आकार चार-साडेचार पटींनी बदलतो, हेही सांगा. वर्गात यावर वाद लावून द्या, तास पुरणार नाही.

आणखी एक. ॲल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्या मुळांवर अभ्यासला. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत हे १९५६ साली छापणाऱ्या दोघांपैकी एक तेच, दुसरे जो हिन त्यियो. दोघेही वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलेले, दाबून पसरवायचं तंत्र हातात बसलेलं. आणि मेटाफेजमध्ये जो खाचेसारखा सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे दोन भाग जोडलेले असतात ती जागा) मुलं बघतात, त्याचा माणसातला क्रम सलग वाचून झाला तो थेट २०२२ मध्ये. तोवर जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग कोराच होता.

हळदीचं: नको. ६३ गुणसूत्रं, तीही बारीक, मुलं वैतागतील. पण वर्गात विषय जरूर काढा. हळद त्रिगुणित आहे, तीन संचांच्या जोड्या अर्धसूत्री विभाजनात नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही आणि शेतकऱ्याला बेणंच लावावं लागतं.

प्रीतिसंगम_कराड

फार आभार. वासाची खूण तंतोतंत आहे, बाटली रिकामी केली. शेवटचं: मुलांनी मोजणी काय करावी, आणि स्लाइड पुढच्या बॅचपर्यंत टिकते का?

मुळाक्षर

फक्त गडद पट्ट्यातल्या पेशी, गटागटाने मिळून १,००० मोजा. १०० पैकी ५ ते १० विभाजनात असल्या तर प्रॅक्टिकल उत्तम, बाकी इंटरफेजच असायच्या हे आधीच सांगून ठेवा. मग वेळ काढायला लावा: चक्र २० तासांचं धरलं आणि १,००० त १० मेटाफेज मिळाल्या तर मेटाफेज साधारण १२ मिनिटांची. प्रोफेज सर्वाधिक का मिळतात हे मुलांना त्यातूनच उमगतं.

स्लाइडच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, ओला फिल्टर पेपर घातलेल्या पेट्रीडिशमध्ये आडवी ठेवून फ्रीजमध्ये टाका. चार-पाच दिवस जातात. कडेने लाल स्फटिक दिसायला लागले तर आतलं ॲसिटिक उडतंय असं समजा. नेलपॉलिश एका कोपऱ्यात खरवडून ४५ टक्केचा थेंब आत सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा, पुन्हा बंद करा.