कॉलेजची संगणक समिती: सही कोणाची चालायला हवी?

खडूपाटी (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज. कला, वाणिज्य, विज्ञान तिन्ही. वर्गातली साधनं, संगणक कक्ष आणि नेट यांवर देखरेख ठेवायला आमच्याकडे पाच प्राध्यापकांची समिती आहे. तीन वर्षं मी तिचा निमंत्रक.

गेल्या जूनमध्ये एका देणगीतून संस्थेने सहा इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने चालवायचे मोठे पडदे) घेतले. समितीला कधी कळलं? टेम्पो आवारात शिरला तेव्हा! आज त्यातल्या चारांवर खोळ आहे. पाचव्याचा रिमोट कोणाच्या कपाटात आहे हे शोधायलाच एक समिती नेमावी लागेल.

तिकडे संगणक कक्षात ४० यंत्रं, ४ जीबी रॅम, जुन्या हार्डडिस्क. हजेरी संपते तरी डेस्कटॉप उमटत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची टीपीएम २.० चिप या यंत्रांत नाही. म्हणजे काहींवर लिनक्स टाकावं लागणार. पण कोणत्या? हिशेबाचं टॅली लागतं म्हणून बी.कॉम.ला विंडोज हवंच. बी.एस्सी.चं पायथन प्रोग्रॅमिंग उबंटू या लिनक्सवर मजेत चालतं, वर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत. ही वाटणी शिकवणाराच सांगू शकतो.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती आहे. तिच्यात तीन शिक्षक निवडून येतात, आणि अध्यापनात तंत्रज्ञान वापरण्याबद्दल व्यवस्थापनाला शिफारस करणं हे तिचं कामच आहे. पण शेवटी ती शिफारस. माझं म्हणणं असं की शिकवण्याच्या साधनांची कुठलीही खरेदी प्राध्यापक समितीच्या सहीशिवाय होऊ नये. चुकतंय का?

टर्मिनल

चुकतंय. एका इंजिनिअरिंग कॉलेजात नऊ वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन होतो, अशा समितीच्या बैठकांना चहा पिऊन आलोय. ऑनलाइन वर्गासाठी मूडल घ्यायचं की गुगल क्लासरूम, यावर अकरा महिने गेले. निर्णय? ‘ज्याला जे सोयीचं ते.’ मुलांना दोन्हीकडे असाइनमेंट शोधत फिरावं लागायचं.

दुसरा किस्सा. समितीने ठराव केला, मुलं टाइमपास करतात, यूट्यूब बंद. केलं बंद. आठवड्याने ठरावाचे सूचकच दारात, ‘एनपीटीईएलचं व्याख्यान लागत नाही हो.’ सर, ते यूट्यूबवरच असतं.

जुलै २०२२ पासून गुगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून १०० टीबीची मर्यादा घातली. दीड वर्ष आधी सांगून. मी विषय मांडला, ‘पुढील बैठकीत घेऊ’ असं ठरलं. लॉकडाऊनमधल्या लेक्चरांचे व्हिडिओ शेवटी कोणालाही न विचारता मीच निवडून उडवले. शिव्याही मीच खाल्ल्या.

टॅली कोणाला आणि पायथन कोणाला हा एका ईमेलचा प्रश्न आहे. त्याला सहीचा अधिकार कशाला?

खडूपाटी

ईमेल कोण करणार, हाच तर मुद्दा आहे. पॅनेल घेताना कोणी केली?

आणि शिकवणाऱ्यांना बाजूला ठेवून यंत्रणा आणली की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या, हे ऐन परीक्षांच्या तोंडावर ठरलं. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तपासणारे होते प्राध्यापकच, त्यांना तयारीला वेळ कोणी दिला?

टर्मिनल

हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. स्कॅनिंग, सर्व्हर, लॉगिन, सगळ्याची तयारी अपुरी होती. आधी छोटी चाचणी घ्या, मग पसारा वाढवा, हे जाणकाराने सांगायचं असतं. प्राध्यापकांच्या सह्या आणखी पंचवीस असत्या तरी उत्तरपत्रिका वेळेत स्कॅन झाल्या नसत्या.

निळीशाई

दोघेही समिती भरते असं गृहीत धरताय, कौतुक आहे. आमच्याकडे ती नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, पाहणीपुरती जिवंत होते. मागच्या वेळी चार वर्षांची इतिवृत्तं एका संध्याकाळी लिहिली. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या दिसू नयेत म्हणून एका अनुभवी मॅडमनी पर्समधून तीन वेगवेगळी पेनं काढली. बदली होऊन गेलेल्या सरांची सही तेवढी राहिली. त्यांना त्या दिवशी ‘अनुपस्थित’ केलं.

अशा समितीला खरेदीचा अधिकार दिलात तर टेम्पो आल्यावर मागची तारीख टाकून सही होईल. फरक एवढाच पडेल.

तासिकावाला

+१. अवांतर वाटेल, पण मी तासिका तत्त्वावर शिकवतो. आठवड्यातले निम्मे तास आम्ही घेतो. मला कॉलेजचा ईमेल नाही, ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टचं लॉगिन नाही, समितीत अर्थातच नाही. तुमच्या ‘प्राध्यापकांचं मत’ यात मी धरलाय का? कळावं.

जडसंग्रह

खडूपाटी सरांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सगळे प्रतिसाद वाचले. समितीच्या पाचांपैकी एकानेही यूपीएसच्या खोलीचं दार उघडलेलं नाही. बॅटऱ्या फुगल्यात. मी मार्चमध्ये अर्ज दिला, तीन दरपत्रकं जोडली, तुलनात्मक तक्ता केला. ‘समितीपुढे ठेवू.’ अजून ठेवतायत. लाइट गेली की ४० यंत्रं एकदम बंद.

माझ्या तक्रारवहीत निम्म्याहून जास्त नोंदी प्रोजेक्टरच्या केबलच्या आहेत. प्रोजेक्टर व्हीजीएचा, सरांचा लॅपटॉप एचडीएमआयचा. तीन-चारशे रुपयांच्या कन्व्हर्टरसाठी सरांचा तास बुडतो. यासाठी ना पॅनेल लागतात ना कलम. कायद्यातल्या त्या ९७ च्या समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही एक निवडून आलेला माणूस असतो. मग तुमच्या पाचांत का नाही?

खडूपाटी

जडसंग्रह, हे लागलं. तो अर्ज माझ्याच फायलीत असण्याची शक्यता आहे, उद्या बघतो.

थोडा सरकतो. दुरुस्ती, बॅटऱ्या, केबल यांना समितीची सही नको. प्राचार्यांनी रक्कम ठरवून द्यावी, त्या आत सहायकाने परस्पर घ्यावं. मोठी आणि नवी खरेदी मात्र समितीकडूनच. समितीत सहायक आणि एक तासिकावाले हवेत. टर्मिनल, यूट्यूबचा ठराव आमच्याकडेही झाला होता, बोललो नाही.

टर्मिनल

ते ओळखलं होतं. तरी सहीला विरोध कायम. देणगीदाराला पॅनेलवर आपलं नाव हवं असतं, जुन्या यंत्रांना वेग देणाऱ्या एसएसडी डिस्कवर कोणी नाव कोरत नाही. तुमची समिती ‘नको’ म्हणेल आणि संस्था देणगी सोडेल, हे तुम्हाला खरंच वाटतं?

खडूपाटी

नाही वाटत. पण ‘नको’ लिहिलेला एक कागद फायलीत असावा. खऱ्या तारखेचा. शनिवारी बैठक लावतोय, बॅटऱ्या पहिला विषय.

जडसंग्रह

किती वाजता? अकरा ते एक ठेवू नका, प्रॅक्टिकल असतं आणि किल्ली माझ्याकडे असते.