वाणासाठी कागदाच्या साडीपिना करायलेय, पण काही केल्या टिकेनात

परभणीकरीण

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबड लावते, कंटाळू नका. यंदा हळदीकुंकवाला स्टीलची वाटी नाही की प्लॅस्टिकचा डबा नाही, हातानं केलेलं काहीतरी लुटायचं असं मीच मोठ्या तोंडानं सगळ्या गल्लीला सांगून बसले आणि आता निस्तरायलेय. ५१ नग करायचेत, निम्म्या साडीपिना आणि निम्मे गळ्यातले पेंडंट.

कसं करायलेय ते सांगते. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्यातल्या जाड बघून गोल आणि पानाच्या आकाराचे तुकडे कापले, तीन-तीन एकमेकांवर फेविकॉलनं चिकटवले, वरून पांढरं कार्डशीट. त्यावर ठसे. ठसे पण घरीच केले, मोठं खोडरबर आणून कटरनं कोरलं, एक कवडी (माहेर तुळजापूरकडचं, त्यामुळं कवडी पाहिजेच) आणि एक मोर. फूल मात्र भेंडीचं, शाळेत करायचो तसं, देठाकडून कापायची आणि रंगात बुडवून दाबायची, अजूनही त्याच्याइतका छान ठसा दुसरा नाही. "तीळगूळ घ्या" असा पण एक कोरला होता तो उलटा उमटला, त्याच्याबद्दल कोणी बोलू नका.

आता रडगाणं. शाई ह्यांच्या ऑफिसातल्या स्टॅम्प पॅडची, काळी. वरून चमक यावी म्हणून रेझिन (दोन बाटल्यांतलं मिसळून ओतायचं, घट्ट होऊन काचेसारखं दिसतं ते) ओतलं तर शाई फुटली, कवडीला मिशा आल्या. ज्या फुटल्या नाहीत त्यांच्या कडेनं तेल सांडल्यासारखे डाग. आणि रेझिन आज तिसरा दिवस आहे, अजून बोटाला चिटकायलंय. कसंबसं एक मोर बरा निघाला, मागं इन्स्टंट गमनं पिन लावली आणि ट्रायल म्हणून लावून भाजी आणायला गेले, तर मेथी निवडताना मोर गायब, पिन पदराला तशीच. भाजीवाल्या मावशींनीच जुडीतून काढून दिला, "ताई तुमचा पक्षी पडला" म्हणल्या.

रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, हळदीकुंकू शेवटच्या आठवड्यात ढकललंय. कुठं चुकायलंय सांगा.

लातूरची_लेक

ताई पहिली चूक शाई. ऑफिसच्या पॅडची शाई मुद्दाम लवकर वाळणार नाही अशी बनवलेली असते, नाहीतर पॅडच वाळून जाईल ना, ती कागदात मुरते तेवढीच, वरची ओलीच राहते आणि वरून काही पण लावलं की पळते. क्राफ्टच्या दुकानात डाय इंक, पिगमेंट इंक आणि सॉल्व्हंट इंक अशा वेगवेगळ्या डब्या मिळतात, वरून कोट द्यायचा असेल तर सॉल्व्हंटवाली घ्या, ती मिनिटाभरात पक्की होते, फक्त पॅडचं झाकण उघडं ठेवू नका आणि वास उग्र असतो. खोडरबराचा ठसा वापरून झाला की लगेच पुसा.

किंवा मी करते तसं करा, रेझिनचं नावच नको. पिगमेंट शाईनं ठसा मारायचा, ओला असतानाच एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत, आणि हीट गननं तापवायची. पावडर वितळून ठसा फुगून चकाकतो, काळ्या कार्डावर चंदेरी पावडर टाकली तर संक्रांतीच्या काळ्या साडीवर काय दिसतंय म्हणून सांगू. हेअर ड्रायरनं करू नका, मी केलंय. तो पाहिजे तेवढा तापत तर नाहीच वर पावडर फुंकून देतो, आमच्या देव्हाऱ्यात अजून चंदेरी धूळ सापडायलीय. हीट गन नसेल तर गॅसवर तवा चांगला तापवून कार्ड चिमट्यात धरून तव्याच्या वर बोटभर अंतरावर धरायचं, खालून धग लागली की बघता बघता पावडर पाणी होते. तव्याला टेकवायचं नाही, जळतं.

जाड दाण्याची पावडर मिळते ती घेतली तर अजून मजा. अख्खा तुकडा शाईत दाबून पावडरीत बुडवायचा आणि वितळवायचा, परत पावडर परत धग, असं तीनदा. काचेसारखा थर बसतो. शेवटचा थर गरम असताना शाई लावलेला ठसा त्यात दाबायचा, गार होईपर्यंत हलवायचा नाही, निघाल्यावर लाखेवर मोहोर मारल्यासारखं दिसतं. शाई लावायला विसरलात तर ठसा तिथंच राहील. आणि ह्यासाठी खोडरबर नको, रबरी ठसाच पाहिजे, खोडरबर गरमीनं चिकट होतं.

टवाळखोर

जगात जर्मनी भारतात परभणी. तिथं रेझिन वाळंना म्हणजे काय, मे महिन्यात पाटी गच्चीवर ठेवा

परभणीकरीण

दादा आत्ता जानेवारी आहे, कृषी विद्यापीठाचा पारा सकाळी एक आकडी असतो, मे महिन्यात संक्रांत कोण करतंय

रेझिनवाली (संभाजीनगर)

टवाळखोर दादांनी चेष्टेत बरोबर बोललंय. रेझिनला थंडी चालत नाही. साधारण २५ डिग्रीच्या आसपास खोली पाहिजे, तुमच्याकडं रात्री खोलीत किती होत असेल बघा. बाटल्या मिसळायच्या आधी कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभ्या ठेवायच्या (झाकण घट्ट लावून, पाण्याचा थेंब आत गेला की संपलं), मग रेझिन पातळ होतं, बुडबुडे पण कमी.

पण तिसऱ्या दिवशी चिकट म्हणजे नुसती थंडी नाही, माप चुकलंय. तुम्ही औषधाच्या टोपणानं मोजलं असणार, खरं ना? बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं ते मापानं का वजनानं ते नीट वाचायचं, कारण हार्डनर (दुसऱ्या बाटलीतलं, ज्यानं रेझिन घट्ट होतं) रेझिनपेक्षा हलका असतो, मापाचा हिशोब काट्यावर लावला की गडबड. शिवाय पाच-दहा ग्रॅमचं मिश्रण केलं तर थेंबाचा पण फरक पडतो, म्हणून एकदाच थोडं जास्त करा आणि २०-२५ तुकड्यांवर ओता. तीन मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडून घेत. जे चिकट राहिलेत ते टाकू नका, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून वर नीट मापाचा पातळ थर द्या, बहुतेक वाचतील. वर डबा पालथा घाला नाहीतर धूळ बसते. आणि हातात नायट्रिलचे मोजे, खिडकी उघडी, लेकरं लांब. माझ्या हातावर एकदा पुरळ उठलं ते उठलंच, आता मोज्याशिवाय बाटलीला हात लावत नाही.

तेलकट डागाचं सांगते, ह्याच्यावर मी सहा महिने घातलेत. तो डाग म्हणजे रेझिन कागदानं पिलंय. त्याला आधी फेविकॉलचा हात द्यायचा, पातळ, वाळू द्यायचा, परत एक. हे सगळे करतात. पण कडेला कोणी लावत नाही! कापलेली कड म्हणजे कागदाची उघडी तोंडं, वरून किती पण लिंपलं तरी रेझिन बाजूनं आत शिरतं. तुमचे डाग कडेनं आलेत म्हणता ना, तेच आहे. बोटावर फेविकॉल घ्यायचं आणि तुकडा फिरवत फिरवत कडेला घासायचं, पाण्याच्या टाकीची गळती बुजवतो तसं. दोनदा. मागं पण. फक्त फेविकॉलच्या आधी शाई पक्की पाहिजे, ते पाण्याचं असतं, तुमच्या ऑफिसच्या शाईवर फिरवलं तर मिशा नाही दाढी येईल.

अजून एक, जमलं तर दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतो तिथला हातकागद आणा. चिंध्यांपासून करतात, तुघलकानं १३२७ ला राजधानी देवगिरीला आणली तेव्हापासूनचा धंदा म्हणतात तिथं. त्याच्यावर ठसा असा काही बसतो की वरून चमक द्यावीच वाटत नाही. पण तो कागद दुप्पट पितो, रेझिन करणार असाल तर तीन हात द्या.

प्रेसवाला_नांदेड

आमचं पत्रिकांचं काम आहे त्यामुळं राहवलं नाही. वहिनी तुम्ही जुन्या पत्रिका चिकटवल्या तिथंच घोळ आहे. आजकालच्या निम्म्या पत्रिकांवर लॅमिनेशन असतं, म्हणजे प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर फेविकॉल धरत नाही, वाळल्यावर आपोआप सुटतं. नखानं कोपरा सोलून बघा, पापुद्रा निघाला तर ती पत्रिका बाद, नाहीतर पॉलिश पेपरनं घासून घ्या. त्यापेक्षा बाइंडिंगवाल्याकडून करडा पुठ्ठा घ्या, दीड मिलिमीटरचा एकच थर बास. वरचा कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाडसर) आयव्हरी शीट. चिकटवून झालं की पाट्याखाली रात्रभर, नाहीतर तुकडे पापडासारखे वळतात. एका बाजूला कागद चिकटवला तर मागच्या बाजूला पण चिकटवा, ओढ सारखी बसते.

पेंडंटला कडी घालायला भोक पाडता ना? कडेपासून ४ मिलिमीटर तरी आत पाडा आणि आयलेट (भोकाला बसवायची धातूची गोल कड) मारून घ्या, नुसत्या कागदाच्या भोकातून कडी महिनाभरात बाहेर येते. फ्लेक्सवाल्याचं आयलेट मोठं पडतं, टेलर मटेरियलच्या दुकानात बारीक मिळतं, टिचबटण मारणाऱ्याकडं दिलं तर दहा मिनिटांत ५१ मारून देतो. कडी उघडताना दोन पकडींनी एक तोंड पुढं एक मागं असं करा, फाकवू नका, फाकवलेली कडी परत गोल होत नाही.

आणि रेझिनबद्दल माझं स्पष्ट मत, वाणाला नको. ५१ बायकांना द्यायचं, एवढा खर्च, एवढा वास, आणि एवढं करून दिसतं प्लॅस्टिकसारखं. कागदाचं केलंय तर कागद दिसू द्या की. पाण्यावरचं वॉर्निश दोन हात मारलं तरी वर्षभर काही होत नाही.

रेझिनवाली (संभाजीनगर)

दादा प्लॅस्टिकसारखं दिसतं ते वाईट ओतलेलं. बाकी बरोबर आहे.

परभणीकरीण

सगळ्यांचे उपकार. औषधाचं टोपणच होतं. प्रेसवाले दादा, सोलून बघितलं, निम्म्या पत्रिकांचा पापुद्रा निघाला. एक विचारायचं राहिलं, ज्या पत्रिकांवर गणपती आहे त्याचं काय करायचं, टाकवत नाही आणि कापवत पण नाही, आईकडं तर गठ्ठाच आहे.

प्रेसवाला_नांदेड

आमच्याकडं तर वाया गेलेल्या प्रिंटची पोती असतात गणपतीची. मी कापत नाही. चित्र अख्खं राहील असं कापून पुस्तकातली खूण करा, पिन नको, धुणं-भांड्यात कुठं पडली तर तुम्हालाच रुखरुख लागेल.

नात_आंबेजोगाई

हे माझी आजी सांगायलीय मी टाइप करायले. आजी चाळीसेक वर्षं हलव्याचे दागिने करते, नव्या नवरीचे, बोरन्हाणाच्या लेकरांचे, म्हणजे पुठ्ठा, सोनेरी कागद, दोरा आणि हलवा हेच तिचं आयुष्य. तुमचा मोर मेथीत पडल्याचं वाचून दाखवलं तर लई हसली आणि म्हणली, "पोरी गमावर दागिना उभा करत्यात का? टाका घाल."

तिचं म्हणणं असं की पिन मागून सगळ्यात शेवटी चिकटवायची नाहीच, ती सगळ्यात आधी लावायची. पिनेच्या पट्टीला बारीक भोकं असतात बघा दोन-तीन, आपण ती कधी बघत नाही, ती शिवायलाच दिलेली असतात. खालच्या पुठ्ठ्याला सुईनं भोकं पाडून पिन त्याला रिळाच्या दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकायची, चार टाके इकडं चार टाके तिकडं, गाठ पुढच्या बाजूला. मग पुढून दुसरा कागद चिकटवला की गाठ झाकली. आता ओढून बघा, पुठ्ठा फाटेल पण पिन सुटणार नाही. हिच्या बिंदी आणि बाजूबंदाच्या नाड्या पण अशाच आतून शिवलेल्या असतात, गमानं चिकटवलेली नाडी लेकरू एका झटक्यात काढतंय.

दुसरं, पिन मधोमध लावायची नाही, वरून एक तृतीयांशावर. मधोमध लावली तर मोर मान खाली घालतो. हे मी टाइप करायच्या आधी आजीनं माझ्याच ओढणीवर करून दाखवलं.

तिसरं ती म्हणती की जरीच्या पदरात अशी पिन खुपसू नका, पैठणी असेल तर अजिबात नाही, जर तुटली की तुटली. हळदीकुंकवाला बायका नेमक्या त्याच नेसून येत्यात. ब्लाऊजच्या खांद्यावर लावा म्हणून चिठ्ठी द्या सोबत.

लातूरची_लेक

आजींना नमस्कार सांग गं. माझ्याकडं ज्या आधीच चिकटवलेल्या आहेत त्यांचं काय करू विचार ना

नात_आंबेजोगाई

विचारलं. "उसवून परत कर" म्हणली. मी हळूच सांगते, पट्टी पॉलिश पेपरनं घासा, अराल्डाइट लावा आणि पट्टीवरून फेल्टचा आडवा तुकडा चिकटवा, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना मी तसंच देते, आजीला सांगू नका.

परभणीकरीण

उलीसं अपडेट. बाइंडिंगचा पुठ्ठा आणला, सॉल्व्हंट शाई लातूरहून भावाच्या हातानं मागवली, रेझिन बंद, वॉर्निश चालू (रेझिनवाली ताई रागावू नका, उरलेलं माझ्या स्वतःच्या पेंडंटला वापरणार आहे, ह्यावेळी काट्यावर मोजून). २६ पिना आजींच्या पद्धतीनं शिवून झाल्या. सासूबाई आधी "कागदाचं काय वाण" म्हणून नाक मुरडायल्या होत्या, शिवायचं म्हणल्यावर स्वतःहून सुई घेऊन बसल्या, आणि त्यांचे टाके माझ्यापेक्षा बारीक आहेत हे मला दिवसातून तीनदा ऐकावं लागायलंय. एक पिन लावून काल परत भाजीला गेले. मावशींनी मोर ओढून बघितला, आला नाही. आता त्यांना पण एक पाहिजे, कवडीवाली, म्हणजे ५२.

पेंडंट राहिलेत, आयलेटवाला परवा दे म्हणलाय. आणि "तीळगूळ घ्या" आरशात बघून परत कोरला. ह्यावेळी "घ्या" बरोबर आलं, "तीळगूळ"मधला ळ उलटा.