कपाशीत डोमकळ्या दिसून राहिल्या, बीजी टू असून अळी कशी? काय फवारू?

वणीचा_पऱ्हाटीवाला: नमस्कार मंडळी. चार एकर पऱ्हाटी आहे, आता ५५ दिवसांची झाली. काल सकाळी फिरलो तर बरीच फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, म्हणजे डोमकळ्याच, उकलून पाहिलं तर आत बारीक पांढरी अळी, डोकं काळपट. बियाणं बीजी टू आहे, म्हणजे बोंडअळीला मारणारी दोन जनुकं घातलेली बीटी कपाशी, मग अळी लागतेच कशी? कृषी केंद्रवाला म्हणतो दोन औषधं मिसळून मार, वरून टॉनिकही टाक. पण २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीत वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून मिसळून मारायला मन घेत नाही. जाणत्यांनी सांगा.

काळी_माती: भाऊ, ही गुलाबी बोंडअळीच, लहान असते तेव्हा पांढरीच दिसते, रंग नंतर चढतो. बीजी टू २००६ ला आलं, त्यातल्या दोन्ही जनुकांची या अळीला सवय झालीय. बाकीच्या बोंडअळ्यांना ते अजून बऱ्यापैकी अडवतं, गुलाबीला नाही. आधी पाकिटासोबत जे वेगळं बिगर-बीटी बियाणं यायचं ते बांधाच्या कडेनं लावायचं असायचं, म्हणजे सवय लवकर लागत नाही, पण ते कोणी लावलंच नाही, मीही नाही लावलं, आता त्याचं वाईट वाटतं.
आजच मजूर लावून सगळ्या डोमकळ्या तोडा आणि अळीसकट नष्ट करा, धुऱ्यावर टाकू नका. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर, आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचं पाहा. पुढे बोंडं धरली की एकरातून कुठलीही २० हिरवी बोंडं फोडून पाहायची, दोनात अळी निघाली तर फवारणी करायची पातळी ओलांडली समजा.

अकोल्याची_सून: दादा मिसळून अजिबात मारू नका. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, वारा पडलेला, उघड्या अंगानं लोकं तासन् तास फवारत होते आणि औषधांचं मिश्रण. आमच्या घरचा माणूस तेव्हा चार दिवस दवाखान्यात होता, डोळ्यांना दिसेना, त्यामुळे हे मी जीव तोडून सांगते, लागलंच तर विद्यापीठाच्या शिफारशीतलं एकच औषध, पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेनं, आणि उपाशीपोटी नाही.
सध्या पतंग अंडी घालायच्या टप्प्यावर आहेत तर निंबोळी अर्क ५ टक्के मारा, ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, सकाळी गाळून साबणाच्या पाण्यासकट १०० लिटर करा. अळी एकदा बोंडात शिरली की वरचं छिद्र बुजतं, मग कितीही महागाचं औषध मारा, तिच्यापर्यंत पोचतच नाही, पैसा जातो नुसता.

जिनिंगवाला: मी जिनिंगवर काम करतो, एक गोष्ट शेतकरी विसरतात म्हणून लिहितो. ही अळी सरकीत आणि वाळल्या बोंडात झोपून राहते, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर फोडून पाहा, आत अळी सापडते. आमच्या आवारात आणि गोदामाभोवती म्हणून आम्ही सापळे लावतो आणि पतंग वर्षभर मिळतात. तुमच्या गावात पऱ्हाटीचे ढीग जूनपर्यंत घराशेजारी पडलेले असतात की नाही? तिथूनच पुढच्या हंगामाचे पतंग उडतात. डिसेंबर संपेपर्यंत शेत मोकळं करा, फरदड (हंगाम संपल्यावर तेच पीक ठेवून घेतलेला उशिराचा कापूस) घेऊ नका, फरदडीचे चार पैसे मिळतात पण गावभरच्या पिकाला पुढच्या वर्षी त्याची किंमत मोजावी लागते.

वणीचा_पऱ्हाटीवाला: आभारी आहे सगळ्यांचा. आज दीड एकरातल्या डोमकळ्या तोडल्या, पाटी भरली, साबणाच्या पाण्यात बुडवल्या. सापळे उद्या येतात, आठ लावतो. शेजारच्या दोघांना पण सांगितलं, एक तयार आहे, दुसरा म्हणतो तुझं झालं की पाहू. त्याचं शेत माझ्या अगदी बांधालगत आहे, काय करावं?

काळी_माती: आठातला एक सापळा त्याच्या बांधावर लावा आणि सकाळी मोजायला त्यालाच सोबत न्या. आमच्या गावात असाच एकजण ऐकत नव्हता, सापळ्यात पडलेले पतंग स्वतः मोजले आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन सापळे घेऊन आला.